भावोजींचा समुद्र, ताईची खिडकी

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, आयुष्यभर पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर बसले. कुणाच्या गल्लीत पाइप फुटला, कुणाच्या मीटरमधून धार लागली, की तो माणूस धापा टाकत यायचा. भावोजी त्याच्याकडे चष्म्यावरून बघायचे आणि शांतपणे म्हणायचे, "पाणी आहे साहेब, ते वाहणारच." मग अर्ज करायला सांगायचे. त्यांच्या हातून एखादी गळती थांबल्याचं खात्यात कुणाला आठवत नाही. पण गळती या विषयावर त्यांच्याइतकं बोलणारा माणूसही खात्यात दुसरा झाला नाही.

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की काय होतं ते मला विचारा. मी त्यांच्या बरोब्बर खालच्या मजल्यावर राहते. त्यांची फरशी ती माझं छत. हातोडी, करवत, ड्रिल, आणि मधूनच "अरे बापरे" हे सगळं मी वर्षानुवर्षं डोक्यावर ऐकत आले आहे.

विकत आणलेल्या वस्तूचा भावोजींना मनापासून तिटकारा. तयार वस्तू घरात आली म्हणजे आपण हरलो, असं ते उघड म्हणतात. त्यामुळे त्यांच्या घरची प्रत्येक वस्तू त्यांनी स्वतः केलेली आणि प्रत्येक वस्तूला स्वतःचा स्वभाव. दाराची घंटा दाबली की आत वाजायची आणि बाहेरच्याला झटका बसायचा, म्हणून येणारे-जाणारे छत्रीच्या टोकाने दाबायचे. एक घडीची खुर्ची होती, ती आपल्या मनाला येईल तेव्हा घडी व्हायची, मग वर कोणी बसलेलं असो. ताई त्या खुर्चीवर फक्त नकोशा पाहुण्यांना बसवते. मला अजून तिने तिच्यावर बसवलेलं नाही, एवढ्यावर मी समाधान मानते.

आणि या घराचा एक कायदा होता. घराबाहेर पडताना मेन स्विच बंद. भाजी आणायला गेलं तरी बंद, गावाला गेलं तर बंदच बंद. बोर्ड दाराच्या वर इतका उंच की ताईचा हात पोचायचा नाही, म्हणून ते पवित्र काम भावोजींचं. आपण निघालो आणि मागे दिवा जळतोय, या कल्पनेनेच त्यांचा जीव कासावीस व्हायचा. बाहेरगावी जायचं म्हटलं की ताई आधी फ्रिज रिकामा करायला लागायची. इतक्या वर्षांत तिने त्यावर चकार शब्द काढला नाही. ताईच्या न बोलण्यावरच तो संसार उभा होता असं माझं मत आहे, आणि ते मी भावोजींना तोंडावर सांगितलेलं आहे.

ताई शिवणकाम करते. शाळेचे युनिफॉर्म पुरवणाऱ्या एका दुकानाचं काम तिच्याकडे असतं. दिवाणखान्याच्या खिडकीशी तिचं पायमशीन होतं, शेजारी कापडाचे गठ्ठे, खिडकीच्या कट्ट्यावर रिळं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे भरपूर उजेड. त्या खिडकीशी बसली की ताई वेगळीच दिसायची. गुणगुणायची, स्वतःशी हसायची, खालून जाणाऱ्यांवर शेरे मारायची. घरात इतरत्र ती कुणाची तरी बायको असायची. तिथे ती माझी ताई असायची.

तर एकदा भावोजींची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची एक मोठी काचेची टाकी होती. आत नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे, डुलणारी काहीतरी फुलांसारखी जनावरं. आत जबड्यात ड्रिल चाललं होतं तेव्हाही भावोजींचा एक डोळा दाराच्या फटीतून त्या टाकीवर होता. अर्धा जबडा बधिर झालेल्या अवस्थेत घरी आले आणि पहिलं वाक्य बोलले, "आपण घरी समुद्र करायचा."

ताईला वाटलं, औषधाचा परिणाम आहे, उतरेल. तो काही उतरला नाही.

टाकी कुठे ठेवायची? भावोजींनी सगळ्या भिंती बोटाने वाजवून पाहिल्या. एवढं वजन पेलेल अशी भिंत एकच, खिडकीची. म्हणजे मशीन हलवायला हवं. ते गेलं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात. तिथे खिडकी नाही, एक ट्यूब आहे, तीही डोळे मिचकावत पेटणारी.

"आठ दिवसांचा प्रश्न आहे," भावोजी म्हणाले.

आठ दिवसांनी काय होणार होतं हे त्यांनी सांगितलं नाही आणि ताईने विचारलं नाही. मग माशांच्या टाकीवर ऊन पडलं तर शेवाळ धरतं असा शोध लागला, म्हणून खिडकीवर गोधडीसारखा जाड पडदा आला. तो ताईनेच शिवला, बोळात बसून. आपल्याच खिडकीला आपल्याच हाताने झाकण शिवणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण ताईने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

आता या टाकीचं तंत्र समजून घ्या, कारण भावोजींनी ते मला इतक्या वेळा समजावलं आहे की एकटीनेच का सोसावं? वर मोठी टाकी, तिच्यात मासे. खाली कपाटात छोटी टाकी, तिच्यात पाणी गाळायची सगळी भानगड. वरचं पाणी सतत खाली यायला हवं आणि पंपाने सतत वर जायला हवं. जेवढं खाली तेवढंच वर. पाणी खाली माहेरी येतं, विसावतं, स्वच्छ होतं, आणि पंप त्याला उचलून परत सासरी सोडतो, असं मी म्हटलं तेव्हा भावोजी म्हणाले, "उपमा बरी आहे, पण शास्त्र वेगळं आहे."

शहाणी माणसं काय करतात, तर टाकीच्या काचेला आधीच भोक पाडून घेतात आणि त्यातून पाणी खाली सोडतात. डॉक्टरांच्या टाकीला तसंच होतं. पण भोक पाडलेली काच म्हणजे तयार वस्तू, म्हणजे हार. भावोजींनी पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि वळणाचे एल्बो जोडून एक वाकडातिकडा नळ केला, जो काचेच्या काठावर चढून पलीकडे उतरायचा. त्यात पाणी पूर्ण भरलेलं असलं आणि हवेचा बुडबुडा नसला की वरचं पाणी आपोआप काठ ओलांडून खाली जातं. लाइट गेली तरी पाणी नळाच्या वाकात अडकून राहतं, आणि लाइट आली की काम पुन्हा सुरू. हवा शिरली तर मात्र सगळं संपलं.

पाइप चिकटवायच्या सोल्यूशनचा वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. कितीतरी नळ केले आणि मोडले. शेवटच्या नळाच्या शेवटच्या सांध्याला सोल्यूशन कमी पडलं. दुकान दोन गल्ल्या पलीकडे, पण भावोजींना धीर कुठला? म्हणाले, "एवढासा सांधा. मीठ साचेल आणि आपोआप बुजेल."

आणि खरं सांगते, ते चाललं. मी देव पाण्यात घालून बसले होते की हे जमू नये, तरी चाललं. समुद्राचं विकतचं मीठ बादल्यांत कालवलं गेलं, पाणी कित्येक आठवडे नुसतंच फिरत राहिलं, मग मासे आले. एक नारिंगी जोडी आणि एक पिवळा, चपटा, बशीसारखा. टाकीवर खास निळसर पांढरे दिवे लागले. पडदा ओढलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत तेवढीच एक चौकट लखलखायची. ते सुंदर होतं. मला राग असूनही मी तिथे उभी राहायची.

मग सुरू झाले प्रयोग. घरी कोणी आलं की भावोजी त्याला टाकीसमोर उभं करायचे आणि जादूगाराच्या थाटात पंप बंद करायचे. वरचं पाणी बोटभर उतरायचं आणि थांबायचं. "बघा! एक थेंब बाहेर नाही." मग पंप चालू. नळ गुळगुळ करून पुन्हा वाहायला लागायचा आणि भावोजी पाहुण्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. दातांचे डॉक्टरही एकदा मुद्दाम येऊन गेले. त्यांनी नळ पाहिला, तो सांधा पाहिला आणि विचारलं, "किती वेळ बंद ठेवून पाहिलंय?"

"लाइट जाऊन जाऊन किती वेळ जाणार डॉक्टर?" भावोजी म्हणाले. "चहा होईस्तोवर येतेच."

डॉक्टरांनी त्या सांध्यावरून बोट फिरवलं. दातांच्या डॉक्टरांना समोरच्याला बोलू द्यायची सवय नसते, पण त्या दिवशी त्यांनी भावोजींना बोलू दिलं.

इकडे बोळात ताई मिचमिचत्या ट्यूबखाली बसलेली. एकदा गडद निळ्या स्कर्टचा पूर्ण गठ्ठा तिने काळ्या दोऱ्याने शिवला. त्या उजेडात निळा आणि काळा एकच दिसायचा. दुकानाने सगळा माल परत पाठवला. मी वर गेले तर ती जमिनीवर बसून एकेक टीप उसवत होती, आणि पलीकडे खोलीत मासे झगझगीत उजेडात पोहत होते. घरातला सगळ्यात चांगला उजेड, त्या तिघांना. मला राहवलं नाही.

"भावोजी, ताईला तिची खिडकी परत द्या."

"अगं, माशांना ऊन चालत नाही. शेवाळ धरतं."

"आणि ताईला अंधार चालतो?"

"अंधार कुठाय?" ते खरोखरच्या आश्चर्याने म्हणाले. "ट्यूब आहे की."

मी आणखी बोलणार तेवढ्यात त्यांना सुचलं. "हां, अगदीच अडत असेल तर बोळाच्या भिंतीत एक खिडकी पाडून देतो. त्यात काय एवढं! घरच्या घरी होईल."

ताईच्या हातातली कात्री थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी त्या भिंतीकडे पाहिलं, जिच्यावर त्यांचं आणि वरच्यांचं मिळून सगळं छत टेकलेलं होतं. त्यानंतर ताईने खिडकीचा विषय म्हणून काढला नाही. पण ती दिवाणखान्यातून जाताना पडद्याची कड जराशी सारून बाहेर बघायची, ते मी पाहिलं होतं, आणि ते मला विसरता येत नव्हतं.

मग भावोजींच्या मोठ्या भावाचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. समुद्र आल्यापासून दोघं एकदम कधी बाहेर पडली नव्हती, आता दोन दिवस जाऊन यायचं. मी म्हटलं, "किल्ली ठेवून जा, मी मासे बघीन."

"नको. तू प्रेमाने जास्त खायला घालशील आणि मारशील." माझ्यावरचा हा आरोप ऐकून घेतला, काय करता? खाण्याची सोय त्यांनी केलेलीच होती. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाला डबी लावून एक यंत्र बनवलं होतं, काटा फिरला की चिमूटभर खाणं पाण्यात. ते घड्याळ सेलवर चालायचं. पंपाच्या बटणावर, दिव्यांच्या बटणावर, प्लगवर, सगळीकडे चिठ्ठ्या चिकटवल्या, "हात लावू नये". मेन स्विचवर तेवढी चिठ्ठी नव्हती. तिथे भावोजींशिवाय कुणाचा हात पोचतच नव्हता, मग कुणासाठी लावायची?

ती दोघं निघाली तेव्हा मी जिन्यात होते. ताई पिशवी घेऊन पुढे उतरली. भावोजींनी कुलूप लावलं, दोन पायऱ्या उतरले, पुन्हा वर गेले. "शेवटचं एकदा बघून येतो." आत गेले, बाहेर आले, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. चेहऱ्यावर अगदी समाधान. "चला. आता निर्धास्त."

त्यांच्या पंपाची घरघर माझ्या छतातून रात्रंदिवस यायची. ते दोन दिवस ती आली नाही. मला वाटलं, ही माणसं नाहीत म्हणून घर शांत आहे. फार बरं वाटलं. मी दुपारी पाय ताणून झोपलेसुद्धा.

ती दोघं परत आली ती भर दुपारी. मी चहाचा थर्मास घेऊन वर गेले तेव्हा भावोजी कुलूप उघडत होते. दार उघडल्याबरोबर शिळ्या समुद्राचा वास आला. त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. काही नाही. "लाइट गेलेली दिसते," म्हणाले. मी म्हटलं, "माझ्याकडे आहे की." जिन्यातला दिवा आमच्या पाठीमागे चांगला जळत होता.

भावोजींनी मान वर करून बोर्डाकडे पाहिलं. मेन खाली पडलेला होता. जसा त्या घरात कोणी नसताना नेहमी असतो तसाच. त्यांनी एका झटक्यात तो वर केला. टाकीवरचे दिवे लागले, पंप घरघरला, आणि आम्हाला दिसलं. नारिंगी जोडी अगदी पृष्ठभागाशी तोंडं वर काढून उघडझाप करत होती. पिवळा तळाशी आडवा पडला होता. घड्याळाने इमानेइतबारे टाकलेलं खाणं कुजून सगळं पाणी गढूळ झालं होतं.

"मेन कुणी बंद केला?" भावोजी गरजले. आम्ही दोघीच समोर, म्हणून ते ताईकडे वळले. "कुणी बंद केला? सांगून सांगून जीव गेला माझा, घरात एक वस्तू..."

ताईने पिशवी खाली ठेवली. बोर्डाखाली जाऊन उभी राहिली आणि हात सरळ वर केला. टाचा उंचावल्या. तिची बोटं आणि स्विच यांच्यामध्ये हातभर भिंत मोकळी होती. ती तशीच उभी राहिली.

मग ती हात खाली घेऊन म्हणाली, "अहो, पाणी वर येतंय."

"येऊ दे. पंपाचं कामच ते."

"अहो, पण खाली जात नाहीये."

त्या एवढ्याशा सांध्यातून दोन दिवसांत हवा नळात शिरली होती. नळ कोरडा खोकत होता आणि पंप खालचं पाणी मुकाट्याने वर आणत होता. आम्ही बघता बघता पाणी काठाला टेकलं, काठावर फुगलं आणि काचेवरून खाली उतरायला लागलं. मला आवरलं नाही. "पाणी आहे भावोजी," मी म्हटलं, "ते वाहणारच."

भावोजींनी पंप बंद करायचा सोडून नळाचं टोक तोंडात धरलं आणि हवा ओढायला लागले. घरचा कुजका समुद्र त्यांच्या घशात गेला. ते खोकत, थुंकत, पुन्हा ओढत. जो हात आयुष्यभर न सांगता मेनकडे जायचा, तो नेमका आज नळाला धरून होता. शेवटी ताई पाण्यातून रबरी चपला फटफटवत गेली आणि "हात लावू नये" लिहिलेला प्लग तिने उपटला.

घरघर थांबली. पाणी मात्र बोळातल्या कापडाच्या गठ्ठ्यांच्या दिशेने निघालं होतं. पुसायला हाताशी काही नव्हतं. ताईने इकडेतिकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी खिडकीचा तो जाड पडदा धरला, आणि असा ओढला की दांडी कड्यांसकट खाली आली. पडदा फरशीवर आपटला आणि पाणी प्यायला लागला. खोलीत एकदम दुपारचा लख्ख उजेड झाला. इतक्या महिन्यांत त्या खोलीतली धूळही दिसली नव्हती, ती सगळी दिसली.

भावोजी टाकीसमोर ओल्या फरशीवर बसले होते. बाहीसकट टाकीत हात घालून काढलेला तो मेलेला पिवळा मासा त्यांनी तळहातावर धरला होता. "सवयीने गेला गं हात," ते ताईला म्हणाले. "मला कळलंही नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, भरपूर वाईट वाटलं. ताईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग ती उठली, पडदा पिळला आणि मला म्हणाली, "चल, एका बाजूने धर."

आम्ही दोघींनी बोळातलं मशीन उचलून आणलं. ओल्या फरशीवरून, भिजून गळून पडलेल्या चिठ्ठ्यांवरून, टाकीला खेटून, खिडकीशी.

भावोजींनी डोळे पुसले. "अगं, आत्ता कुठे आणतेस? मी नळ नवा करणार आहे. सांधा पक्का करतो. पडदा परत लावावा लागेल."

ताईने मशीनवरचं झाकण काढलं, सुई उजेडात धरून दोरा ओवला. एका दमात ओवला गेला. "आठ दिवसांचा प्रश्न आहे," ती म्हणाली.

नारिंगी जोडी जगली. दुसऱ्याच दिवशी ती डॉक्टरांकडे गेली, भोक पाडलेल्या तयार टाकीत. भावोजी आता वरचेवर दात तपासायला जातात. काचेची मोठी टाकी ताईने धुऊन कोरडी केली आणि तिच्यात कापडाचे गठ्ठे रचले. बाहेरून रंग दिसतात, बरं पडतं म्हणाली. निळा तो निळा, काळा तो काळा.

आणि भावोजींनी नवीन काम काढलं आहे. घराबाहेर पडताना आपोआप बंद होणारा, पण मासे असतील तर बंद न होणारा मेन स्विच. त्यासाठी टेबल हवं होतं, जागा हवी होती. जागा एकच मोकळी होती, बोळातली. परवा मी वर गेले तेव्हा ते तिथे बसून बारीक स्क्रू शोधत होते आणि ट्यूब डोळे मिचकावत होती.

"अगं, इथे काही दिसत नाही गं," त्यांनी आतून हाक मारली.

खिडकीशी ताईचं मशीन धडधडत होतं. तिने पाय न थांबवता उत्तर दिलं, "ट्यूब आहे की."